बद्द वाजणारी टाइल

इंग्लंडमधल्या रेडिंगमधलं ते घर १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. नाशिककडच्या एका तरुण जोडप्यानं नुकतंच घेतलेलं. वरची पुढची खोली बाळासाठी सजवायची होती आणि तिथल्या जुन्या फायरप्लेससमोरच्या टाइल तडकल्या होत्या. "काका, तीन-चार टाइल बदलायच्यात फक्त. नव्या मागवूनसुद्धा ठेवल्यात," असं त्यातल्या बायकोनं मला फोनवर सांगितलं होतं.

त्या नव्या टाइल निघाल्या १५० मिलिमीटरच्या. व्हिक्टोरियन टाइल सहा इंची, म्हणजे १५२ ची. दोन मिलिमीटरनं काय बिघडतंय, असं वाटतं. पण जुन्या कामात दरज जवळजवळ नसतेच, टाइलला टाइल भिडलेली असते. त्यात लहान टाइल बसवली की चारी बाजूंनी मसाल्याची रेघ उमटते आणि ठिगळ लांबून दिसतं. परत पाठवा म्हटलं.

मग गुडघे टेकून हार्थ बघायला बसलो. हार्थ म्हणजे जाळीच्या पुढे खोलीत आलेला फरशीचा पट्टा. निखारा बाहेर पडला तर लाकडी जमीन पेटू नये म्हणून केलेला. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं एकेक टाइल वाजवली. चिमणीलगतच्या टणक, कडेच्या मात्र बद्द. आणि तडा टाइलमागून टाइल ओलांडत भिंतीला समांतर, सरळ रेषेत गेलेला. वरून काही पडलं तर एखादी टाइल एकटीच फुटते. ओळीनं फुटल्या असतील तर खालचं काहीतरी हललेलं असतं. पाणसळ ठेवली. बुडबुडा चिमणीकडे पळाला, म्हणजे खोलीकडची कड खाली गेली होती.

"खालच्या खोलीत, याच जागेखाली, छताला भेग आहे का हो?"

"आहे ना! रंगाऱ्यानं बुजवली होती, परत आली."

या घरांत वरच्या मजल्यावरचा हार्थ विटांच्या अर्ध्या कमानीवर बसलेला असतो. तिला ट्रिमर आर्च म्हणतात. तिचं एक टोक चिमणीच्या भिंतीत आणि दुसरं समोरच्या आडव्या लाकडी तुळईला रेटून. कमानीवर राख-खडीची भर, त्यावर चुना, त्यावर टाइल. तुळई वाकली की कमान उलगडायला लागते.

प्लॅस्टिकच्या कागदावर नक्षी उतरवून घेतली, टाइलवर चिकटपट्टीनं नंबर टाकले, फोटो काढले आणि आधीच फुटलेल्या टाइलपासून सुरुवात केली. मूळ चुन्यातल्या टाइल पातळ पटाशी सरकवली की अलगद सुटत होत्या. मधे कधीतरी कुणीतरी सिमेंटमध्ये बसवलेल्या होत्या, तिथे टाइल फुटते पण सिमेंट सोडत नाही. जुन्या टाइलखाली सिमेंट भरणाऱ्यांवर माझा कायमचा राग आहे. सुटलेल्या एका टाइलच्या पाठीवर मॉ अँड कंपनी या टाइल कारखान्याचा ठसा होता, खाली जॅकफील्ड. श्रॉपशरमधल्या जॅकफील्डला ही कंपनी १८८३ साली गेली. (मुंबईत राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयात मिंटन या इंग्लिश कंपनीच्या टाइलवरून चालत माझी कॉलेजची वर्षं गेली, तेव्हा मान खाली घालून एकदाही नीट बघितलं नव्हतं.)

भर उपसली तेव्हा कमानीच्या विटांमध्ये बोटं जातील एवढी फट दिसली. शेजारची फळी उचलून बॅटरी मारली. हीटिंगचे पाइप न्यायला कुणीतरी तुळईला बरोबर मध्यावर, जिथे तिच्यावर वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त, जवळजवळ निम्मी खाच मारली होती. साध्या वाशालासुद्धा उंचीच्या एक-अष्टमांशाहून खोल खाच मारत नाहीत, आणि तीही टेकूजवळ.

"खालचा सोफा आधी हलवा," मी म्हटलं.

"अहो काका, शंभरावर वर्षं उभं आहे की!" नवरा म्हणाला.

"पाइप घालेपर्यंत उभं होतं."

त्या संध्याकाळी खालच्या खोलीत लोखंडी टेकू लागले. इंजिनिअरनं येऊन पाहिलं, सुतारानं तुळईला जोड दिली. कमान जॅकनं उचलून पहिल्या जागी न्यायचा मोह मी होऊ दिला नाही, विटा तडकतात. फटींत स्लेटच्या चिपा ठोकून चुना भरला, खाली गेलेली कड वरच्या थरात भरून सारखी केली.

साफसफाईचं थोडक्यात सांगतो. लोखंडी चौकटीवरचा जुना रंग तपासला तर शिशाचा निघाला. म्हणून पॉलिश पेपर अजिबात लावला नाही, रंग सोडवणारा लेप लावून ओलाच सोलला. टाइलवरची काजळी आणि गालिच्याचा गोंद कोमट पाणी, सौम्य साबण आणि रात्रभर झाकून ठेवलेल्या ओल्या लेपानं निघाला. विटा धुवायचं ॲसिड तिनं आणून ठेवलं होतं, ते तसंच परत दिलं. ते चुना खातं, आणि नंतर क्षार पांढरे फुलून येतात.

फुटलेल्यांच्या जागी जुन्या सामानाच्या यार्डातून त्याच मापाच्या टाइल मिळाल्या, रंगानं किंचित उजळ. "चहाच्या पाण्यानं जरा मळकट करता येतील का हो?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. कोपरा उडालेल्या दोन जुन्या टाइल मात्र आहेत तशाच बसवल्या. त्यावर नवरा अजून नाराज आहे. चुना ओल्या गोणपाटाखाली ठेवला, पाळणा महिनाभर मागच्या खोलीतच ठेवायला सांगितलं आणि छताची भेग बुजवायला रंगाऱ्याला परत बोलवा म्हणून निघालो.