आमची वाटचाल : आंजर्ले खाडी, होडी दुरुस्ती

जोग नदी आंजर्ल्याला समुद्राला मिळते तिथे तोंडावरच वाळूचा दांडा आहे, दरवर्षी जागा बदलतो, आणि खरं सांगायचं तर आमचं अर्धं दुकान त्या दांड्यावरच चालतं. हर्णै बंदर उघडं, वारा फिरला की बोटी आसऱ्याला खाडीत पळतात आणि ओहोटीला घुसल्या की बूड घासलंच. अर्धी भरती होईपर्यंत बाहेर थांबा म्हणून बाबा सांगून दमले, आता मी दमतोय.

बाबांनी लाकूड तासायचा वाकस, पटाशी आणि हाताने भोक पाडायचं एक गिरमिट एवढ्यावर सुरू केलं. गिरमिट अजून आहे. ड्रिल मशीन दोन आहेत पण जुन्या फळीला मी तेच लावतो, लाकूड आत कुठे कुजलंय ते हाताला लगेच लागतं.

मधली वर्षं बरी गेली. मग पलीकडे एकाने फायबरचे साचे आणले, नाव घेत नाही, आमची दोन पोरं जास्त पगारावर नेली आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला की लाकडाचे दिवस संपले. पुढे त्याच्याच होड्या तडकून आमच्याकडे यायला लागल्या, भर पावसात मॅट, म्हणजे फायबरचं कापड, मारलेली! ओल्यावर रेझिन, ते कापड चिकटवायचं रसायन, धरतं का कधी? आधी घासा, खडखडीत सुकवा, मग हात लावा.

२०२० ला मात्र संपलोच होतो. लॉकडाऊनमध्ये उधारी अडकलेली, पावसाळ्याची मासेमारी बंदी तोंडावर म्हणून गिऱ्हाइकांच्या अकरा होड्या वर ओढून शेडला लावलेल्या आणि ३ जूनला निसर्ग वादळ. पत्रे उडाले, माड होड्यांवर पडले, लाईट कित्येक दिवस नाही. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले शेडची दुकान म्हणून नोंद नाही आणि होड्या तुमच्या नाहीत. म्हणजे माझं काहीच मोडलं नव्हतं!

तेव्हा पाजपंढरीचे आमचे तांडेल काका आले, स्वतःची होडी माडाखाली चेपलेली, तरी कोयता आणि चार माणसं घेऊन. वीस हजार हातात ठेवले, म्हणाले, "होडीचं मागाहून बघू रे, आधी डोक्यावर पत्रे घाल." वहीत लिहू नको म्हणाले. मी लिहिलं. त्यांची होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात गेली नाही, दिवाळी उलटली, ते अजून लागतं मनाला. दर सीझनला ते पैसे बिलात वळते करायला जातो आणि काका म्हणतात, बघू पुढच्या वर्षी.

तो फायबरवाला हल्ली अडकलेला पंख्याचा शाफ्ट काढायला माणूस पाठवतो आमच्याकडे. काढून देतो. रोखीने.