सकाळच्या पाळीतले 14 मायक्रॉन

एकाच विषयात खोल जावे की अनेक विषय थोडेथोडे जाणावेत, हा वाद निघाला की मला एक प्रसंग आठवतो. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात नोकरीला होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. आम्ही एक पोलादी शाफ्ट बनवत असू. त्याची लांबी 100 मिलिमीटर आणि टॉलरन्स, म्हणजे चालू शकणारा फरक, अधिक-उणे 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वर्षभर हे काम विनातक्रार चालले होते, पण डिसेंबर सरता सरता पहिल्या पाळीत शाफ्ट लांब भरू लागले. सकाळी सातपासून साडेनऊ-दहापर्यंत जवळजवळ प्रत्येक नग लांबी मोजणाऱ्या गेजवर मोठा दाखवत असे, म्हणून मशीन जुळवणारा सेटर ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमधला मापाचा आकडा बदलून, लांबी कमी करत असे, आणि दुपारी बारानंतर तेच मशीन, तेच टूल आणि तोच ऑपरेटर असताना नग लहान निघत. रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये दोन्ही प्रकारचे नग एकत्र पडलेले असत.

यावर रीतसर बैठका झाल्या. मेंटेनन्सच्या माणसाने स्पिंडल आणि बॉलस्क्रू तपासले, ते निर्दोष होते. टूल पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने इन्सर्टची ग्रेड बदलून पाहिली. आणखी एकाने कच्च्या मालाचा कठीणपणा मोजून घेतला, तोही बरोबर होता. मी स्वतः नियंत्रण आलेख काढले, आणि ते इतके सुबक झाले होते की त्यांच्यात कारण सापडत नाही याचे मला काही वाटेनासे झाले होते. आम्ही चौघेही आपापल्या विषयात चुकलेलो नव्हतो, आणि तरीही तीन आठवडे माल वाया जात होता.

उत्तर सापडले ते टूल रूममधल्या एका ज्येष्ठ फिटरांमुळे. सगळा कारखाना त्यांना काका म्हणत असे. निफाड तालुक्यात त्यांची दोन एकर द्राक्षबाग होती. जानेवारीच्या थंडीत द्राक्ष बागायतदार पहाटे तापमापक पाहतो, कारण पारा फार उतरला तर मण्यांची फुगवण थांबते, म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि ठिबकचे पाणी सोडावे लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले निफाडचे किमान तापमान वर्तमानपत्रात वाचून नाशिककरांना हुडहुडी भरते, पण काका ते अंगावर घेऊनच पहिल्या पाळीला येत. त्या दिवशी त्यांनी गेजच्या फिक्स्चरवर, म्हणजे गेज आणि शाफ्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, तळहात ठेवला आणि म्हणाले, “साहेब, बागेत पहाटे सहा अंश होतं. हे तुमचं नवं फिक्स्चर अॅल्युमिनियमचं आहे ना? रात्रीत आकसलंय ते. झिरो कधी लावता याचा?”

झिरो, म्हणजे गेजची शून्याची खूण, आम्ही दिवसातून एकदाच, दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला लावत होतो. दिवाळीनंतर पोलादाचे जुने जड फिक्स्चर काढून ऑपरेटरच्या सोयीसाठी हलके अॅल्युमिनियमचे बसवले होते, आणि त्या बदलाची नोंद कोणत्याही बैठकीत आली नव्हती, कारण तो बदल चौघांपैकी कोणाच्याच खात्यात मोडत नव्हता. पुढचे गणित मी तिथेच उभ्याने केले. तापमान एक अंशाने उतरले की 100 मिलिमीटर पोलाद सुमारे 1.15 मायक्रॉन आकसते आणि तेवढेच अॅल्युमिनियम जवळजवळ त्याच्या दुप्पट, म्हणजे 2.3 मायक्रॉन. दुपारी शेडमध्ये 26 अंश आणि सकाळी 14 अंश, म्हणजे फरक 12 अंशांचा. फिक्स्चर शाफ्टपेक्षा सुमारे 14 मायक्रॉन जास्त आकसले होते, आणि म्हणून बरोबर लांबीचा शाफ्टही 14 मायक्रॉन लांब दिसत होता. सेटर बिचारा चांगला माल कापून खरोखरच लहान करत होता. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश असते हे आम्ही सर्वांनी मेट्रॉलॉजीच्या पेपरात लिहून गुण मिळवलेले होते.

हा प्रसंग मी पुढे अनेकांना सांगितला आणि बहुतेकांनी त्यातून काढलेला अर्थ मला मान्य नाही. ते म्हणतात, पाहा, स्पेशालिस्ट मंडळी हरली आणि सगळ्यातले थोडेथोडे जाणणारा माणूस जिंकला. काका सगळ्यातले थोडेथोडे जाणणारे नव्हते. जिग आणि फिक्स्चर जुळवण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती, आणि अॅल्युमिनियम आकसते हे त्यांना सूत्राने नव्हे तर हाताने माहीत होते. त्यांच्या ज्ञानाला एक पक्का मध्य होता. त्या मध्यापासून ते बागेपर्यंत जाऊन परत येऊ शकत होते एवढेच. आणि दुसरे असे की, फिक्स्चर कोणत्या दिशेला चुकते आहे हे त्यांनी सांगितले, तरी ते किती चुकते आहे हे गणितानेच कळले. आपल्याकडे अष्टपैलू होऊ पाहणाऱ्याला हिणवताना “एक ना धड, भाराभर चिंध्या” असे म्हणतात. ती म्हण नीट ऐकली तर तिची तक्रार चिंध्यांबद्दल नाही, एकही धड नाही याबद्दल आहे.

नाशिकमध्ये हा विषय पुस्तकी राहत नाही. सातपूर परिसरात डिझेल इंजिनांच्या इंधनपुरवठ्याचे सुटे भाग बनवण्यात माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. इंजेक्टरचे नोझल ही दिसायला बोटाएवढी वस्तू, पण तिच्यातली सुई आणि तिचे घर यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते आणि ती जोडी एकमेकांसाठीच जुळवलेली असते. इतकी खोल कारागिरी वरवरच्या माहितीतून येत नाही, त्यासाठी माणसाने वर्षानुवर्षे एकाच कामावर बसावे लागते. मग 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-सहा मानके लागू झाली, मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल मोटारी विकणे थांबवले, आणि आता बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत, ज्यांत नोझलला जागाच नाही.

या बदलात माझ्या ओळखीतल्या दोन प्रकारच्या माणसांचे काय झाले ते मी जवळून पाहिले. दोघांचाही हात सारखाच, दोघेही वीस-बावीस वर्षे एकाच विभागात. पण एक जण स्वतःची ओळख “मी नोझलवाला” अशी करून देत असे आणि दुसरा “मी ग्राइंडिंगवाला” अशी. पहिल्याला नवी नोकरी शोधताना आपल्या अनुभवाला बाजारात नावच नाही असे वाटू लागले. दुसरा बेअरिंग, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, वैद्यकीय उपकरणांचे भाग अशा कोणत्याही दारात जाऊन एवढेच विचारू शकत होता की तुम्हाला किती मायक्रॉन हवे आहेत. दोघेही स्पेशालिस्टच होते, मात्र एकाने वस्तूत प्रावीण्य मिळवले होते आणि दुसऱ्याने प्रक्रियेत. वस्तू बंद पडते. प्रक्रिया सहसा दुसऱ्या वस्तूकडे जाते.

म्हणूनच दर जून-जुलैमध्ये कोणी पालक मुलाचे सीईटीचे पर्सेंटाइल सांगून “कॉम्प्युटर घ्यावा की एआय अँड डेटा सायन्स?” असे विचारतात, तेव्हा माझी अडचण होते. सतराव्या वर्षी मुलाने शाखा निवडायची आणि त्या शाखांची नावे दिवसेंदिवस त्या वर्षी बाजारात तेजीत असलेल्या मालासारखी होत चालली आहेत. अभ्यासक्रम उघडून पाहिला तर पहिली दोन वर्षे बरीचशी तीच असतात, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान कमी होते, पण मुलाच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून एक कुंपण तयार होते. एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, ईजी (इंजिनिअरिंग ग्राफिक्स), मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल हे विषय सर्वांना सारखे असतात, आणि नेमके तेच विषय मुले “आपल्या ब्रँचचा नाही” म्हणून कसेबसे काढतात. सेकंड इयरच्या एम-थ्रीचा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा, धसका तर नाशिकच्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकू येतो. ज्या विषयांवर पुढे शाखा बदलण्याचे, काम बदलण्याचे स्वातंत्र्य उभे असते, ते विषय बॅकलॉग टाळण्यापुरते अभ्यासले जातात. हे सांगताना मी स्वतःला वगळत नाही. प्रसरणाचा गुणांक मी पाठ केला होता आणि फिक्स्चर माझ्या नाकासमोर होते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम, विषय घेण्याची आणि क्रेडिट साठवण्याची सोय केली आहे. हेतू चांगला आहे, पण मायनर जर सोपे गुण कुठे मिळतात हे पाहून निवडला जाणार असेल, तर त्यातून शेजारच्या विषयाशी ओळख होईल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा आयटीआयचा दोन वर्षांचा जुना फिटर ट्रेड मला अधिक शहाणा वाटतो. मुलगा आधी कित्येक दिवस लोखंडाच्या एका तुकड्यावर फाइल मारत बसतो, काटकोन जमेपर्यंत त्याची सुटका नसते, आणि मग तोच हात घेऊन तो पत्राकाम, वेल्डिंग, ड्रिलिंग, थोडे टर्निंग असा फिरतो. एका कामात हात बसलेला असल्यामुळे दुसऱ्या कामातली अडचण त्याला ओळखू येते. याच मुलाला थेट संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर उभे करून सायकल स्टार्टचे बटण दाबायला शिकवले, तर पगार लवकर सुरू होतो हे खरे. काकांनी फिक्स्चरवर ठेवला तसा तळहात तो कशावर ठेवणार, हे मात्र मला सांगता येत नाही.

विस्तृत ज्ञानाची बाजू मांडताना नाशिककरांच्या तोंडी हटकून येणारे नाव म्हणजे त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, शिळाछपाई, जादूचे प्रयोग असा त्यांचा प्रवास पाहिला की हा माणूस धरसोड वृत्तीचा वाटावा. पण यातल्या अनेक टप्प्यांवर त्यांनी त्या त्या कलेवर पोट भरण्याइतकी मजल मारली होती, ही गोष्ट आपण विसरतो. आणि 1912 मध्ये ते लंडनला गेले ते सर्वसाधारण ज्ञान वाढवायला नव्हे, तर चित्रपट कसा बनवतात एवढीच एक गोष्ट शिकायला. परत आल्यावर मटाराच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत त्यांनी पडद्यावर दाखवली, तेव्हा त्यात छायाचित्रकाराचा संयम होता आणि जादूगाराची नजरही. पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला चित्रपट आला. 1931 मध्ये बोलपट आले, ध्वनीचे स्वतंत्र शास्त्र आले, आणि एका माणसाने सगळे हाताळण्याचे दिवस संपत गेले. हा धंदा वाढला की कामे वाटली जाणारच, त्यात हळहळण्यासारखे काही नाही. नाशिकजवळच्या ओझरला 1964 मध्ये सुरू झालेल्या विमान कारखान्यात मिग-21 ची बांधणी झाली. असल्या कामात ब्रेकच्या हायड्रॉलिकवर सही करणाऱ्याने आयुष्यभर तेच केलेले असावे, असेच मी म्हणेन.

पण कामे वाटली गेली की दोन वाट्यांच्या मधली जागा कोणाची, हा प्रश्न उरतो, आणि तो आमच्या शाफ्टपुरता नव्हता. 2010 च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला बागायतदार हे संजीवक सर्रास वापरत होते. खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंतचे सारे वेळापत्रक जाणणाऱ्या सल्लागाराला त्याचे प्रमाण माहीत होते आणि प्रयोगशाळेला तिच्या यादीतले प्रत्येक रसायन शोधता येत होते. मात्र तपासायच्या यादीत हे रसायनच नव्हते. बागेत काय फवारले जाते आणि यादीत काय लिहिले आहे, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणे कोणाच्याच कामात मोडत नव्हते. कंटेनर तिकडे थांबले आणि कर्ज इकडे चढले.

सध्या मी आठवड्यातून दोन दिवस एका तंत्रनिकेतनात शिकवायला जातो. थंडीत एक प्रयोग करून घेतो: अॅल्युमिनियमच्या पट्टीवर गेज बसवायचा, दुपारी झिरो लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तीच पोलादी पिन पुन्हा मोजायची. गेल्या वर्षी फरक 11 मायक्रॉन आला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही उघडी ठेवून विचारले, “सर, हे कोणत्या विषयाच्या जर्नलमध्ये लिहायचं?” फिजिक्स, मेट्रॉलॉजी, मटेरियल सायन्स ही तिन्ही नावे माझ्या तोंडावर आली, आणि तिन्ही विषयांच्या बाईंनी आणि सरांनी ते पान परत पाठवले असते हेही माझ्या लक्षात आले. मी तिला पानाच्या वर आधी खोलीचे तापमान लिहायला सांगितले.