लॅम्बो फील्डच्या पार्किंगमधला स्वयंपाक

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडीचे मागचे दार उघडायचे, शेजारी शेगडी मांडायची आणि मित्रमंडळींना तिथेच जेवू घालायचे, या प्रकाराला इथे टेलगेट म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना या खेळातले डावपेच उमगायला बराच काळ लागतो. टेलगेट मात्र पहिल्याच खेपेला आपलेसे वाटते. ग्रीन बे गावच्या पॅकर्स या फुटबॉल संघाचे लॅम्बो फील्ड हे १९५७ साली सुरू झालेले मैदान भर वस्तीत आहे आणि आसपासचे रहिवासी सामन्याच्या दिवशी आपल्या घरापुढची हिरवळ गाड्या लावण्यासाठी भाड्याने देतात, त्यामुळे धूर आणि दरवळ मैदानाच्या आवारापुरता न राहता गल्लीबोळांतून पसरलेला असतो. अशा गर्दीत दहा-बारा माणसांना वेळेवर आणि गरम जेवण द्यायचे असेल, तर बहुतेक कामे आदल्या रात्री घरच्या ओट्यावरच उरकली पाहिजेत, आणि पार्किंगमध्ये केवळ भाजणे, गरम करणे व वाढणे एवढेच शिल्लक राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कांदा चिरण्यासाठी सुरी आणि पाट घेऊन येणारी मंडळी मला नेहमीच संशयास्पद वाटतात.

रविवारचा सामना दुपारी बाराला असेल, तर हिशेब उलट्या बाजूने मांडावा. अकराच्या सुमारास आग आवरायला घ्यायची म्हणजे दहाला पाने वाढलेली हवीत, आणि त्यासाठी नऊच्या आधी कोळसा पेटलेला हवा. कोळशाच्या गोळ्यांवर राखाडी थर चढायला वीस ते तीस मिनिटे लागतात; त्याआधी जाळीवर काही ठेवले, तर ते भाजण्याऐवजी धुरकटते. पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात खाली कागद पेटवून वर कोळसा भरण्याची इथली पद्धत उत्तम आहे, कारण तिच्यात पेटवण्याचे द्रव लागत नाही आणि खाण्याला रॉकेलसारखा वास येत नाही.

विस्कॉन्सिनच्या टेलगेटचा मानाचा पदार्थ म्हणजे ब्राट. जर्मन स्थलांतरितांनी आणलेला हा डुकराच्या मांसाचा जाडसर सॉसेज बिअर, कांदा आणि लोणी यांच्या मिश्रणात शिजवतात व जाळीवर भाजतात. आधी शिजवून मग भाजायचे की आधी भाजून मग त्या मिश्रणात गरम ठेवायचे, यावरून इथे घराघरांत दोन तट आहेत, आणि शेबॉयगन गावातले लोक तर थेट निखाऱ्यांवर भाजण्याखेरीज दुसरे काही मानतच नाहीत. मी दुसऱ्या तटातली आहे, कारण भाजून झालेले ब्राट त्या कांद्याच्या रसात तासभर सुखाने पडून राहतात आणि उशिरा येणाऱ्यांची सोय होते. मिश्रणाला खळखळून उकळी फुटू देऊ नये, नाहीतर सॉसेजचे आवरण तडकते. भाजताना काटा टोचण्याचा मोहही आवरावा, कारण टोचलेल्या भोकातून चरबी निखाऱ्यांवर गळते, भडका उडतो आणि बाहेरून काळा, आतून कोरडा असा ब्राट पदरात पडतो. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला रचले, तर भडका उडताच ब्राट दुसऱ्या बाजूला सरकवता येतात. आवरण ताणले जाऊन त्यावर तपकिरी डाग उमटले आणि कडेने बारीक बुडबुडे फुटू लागले, की थर्मामीटर आडवा खुपसून आतले तापमान ७१ अंश सेल्सिअसला पोहोचल्याची खात्री करावी. कोंबडीसाठी हाच आकडा ७४ आहे. वेळ वाचवण्यासाठी मांस घरी अर्धेकच्चे शिजवून आणण्याची युक्ती अनेक जण सांगतात, पण ती धोक्याची आहे. एकतर पूर्ण शिजवून, थंड करून आणावे किंवा मुरवलेले कच्चे मांस बर्फात ठेवून आणावे.

इथल्या लोकांचा दुसरा आधार म्हणजे राजमा आणि खिम्याची चिली, आणि तिच्या जोडीला मिसळ अगदी नि:संकोच मांडता येते. आदल्या दिवशी करून ठेवल्याने कट मुरतो, वरची तर्री उष्णता धरून ठेवते, आणि कागदी वाडग्यात उभ्याउभ्या खाता येते, म्हणजे टेलगेटला लागणारे सगळे गुण तिच्या अंगी आहेत. मटकीची उसळ किंचित कमी शिजवावी, कारण थर्मासमध्ये ती शिजतच राहते आणि ग्रीन बेला पोहोचेपर्यंत तिचा लगदा होऊ शकतो. कट वेगळ्या थर्मासमध्ये, थोडा दाट न्यावा आणि वाढताना उकळत्या पाण्याने सैल करावा. थर्मास भरण्यापूर्वी त्यात दहा मिनिटे कढत पाणी घालून ठेवले, तर रस्सा दुपारपर्यंत वाफाळता राहतो. फरसाणाचा डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि पावाऐवजी ब्राटसाठी आणलेले जाड कवचाचे रोल जाळीवर शेकून द्यावेत. ते कट पिऊनही विरघळत नाहीत, आणि मला तर ते इथल्या दुकानांतल्या गोडसर पावापेक्षा उजवे वाटतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळा चिमटा आणि वेगळा बिडाचा तवा आणावा. एकाच जाळीच्या कडेला फॉइल अंथरून पनीर भाजणे अनेकांना चालत नाही, आणि त्यांनी ते बोलून दाखवण्याची वाट पाहू नये. सप्टेंबरमध्ये स्थानिक मक्याची कणसे मिळतात. ती निखाऱ्यांवर भाजून लिंबू, मीठ, तिखट चोळून दिली, की शेजारच्या गाडीवाले चौकशीला येतातच. बटाटेवड्यांचा हट्ट मात्र धरू नये. गर्दीत, वाऱ्यात, डुगडुगत्या टेबलावर तेलाची कढई हे निमंत्रण देऊन बोलावलेले संकट आहे.

थंडीचे गणित निराळे आहे. कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनच्या छोट्या डब्यांवर चालणाऱ्या शेगड्या मान टाकतात, कारण शून्य अंशाच्या आसपास त्या इंधनाचा वायूच नीट होत नाही. प्रोपेन तग धरतो. डिसेंबरमध्ये कूलरचा, म्हणजे बर्फ भरून खाणेपिणे थंड ठेवण्याच्या पेटीचा, उपयोग तर बिअर गोठू नये म्हणून होतो! सप्टेंबरच्या उन्हात मात्र शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक, आणि पारा ३२ अंशांवर गेल्यास एका तासाहून अधिक, ठेवू नये. कूलर दोन असावेत, एक पेयांचा आणि एक अन्नाचा, कारण पेयांचे झाकण दर पाच मिनिटांनी उघडते आणि त्या उघडझापीत कच्च्या मांसाखालचा बर्फ वितळतो. तोटीचे पाण्याचे पिंप, साबण आणि कागदी टॉवेल यांची आठवण सर्वांना उशिरा होते. परतीला गाडी चालवणाऱ्याचे नाव मात्र बिअरचे पहिले झाकण उघडण्यापूर्वीच ठरलेले असावे.

सामना सुरू होण्याआधी निखारे पूर्ण विझवून, राख त्यासाठी ठेवलेल्या धातूच्या पिंपातच टाकावी. गरम शेगडी गाडीत किंवा गाडीखाली सरकवून आत जाणे हा निव्वळ अविचार आहे. जेवणाचा शेवटचा भाग मुद्दाम राखून ठेवावा, कारण लाखभर वस्तीच्या या गावातून ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडतात आणि गाड्या बराच वेळ जागच्या हलत नाहीत. तेवढ्यात प्रोपेनच्या शेगडीवर आल्याचा चहा होतो, दुसऱ्या थर्मासमधला कट निघतो, आणि पॅकर्स हरले असतील तर त्याला थोडे जास्त तिखट लागते.