बर्लिनचे थकलेले देवदूत

आजच्या चित्रपटांत आणि मालिकांत जगाला विटलेला देवदूत वारंवार भेटतो. बहुतेक ठिकाणी त्याचा थकवा चुरगळलेला कोट, दारूचा पेला आणि कडवट बोलणे एवढ्यावरच भागवला जातो, आणि तो कशाने थकला हे मात्र कोणी सांगत नाही. विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ या १९८७ च्या जर्मन चित्रपटात ते कारण सापडते, म्हणून मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो.

दामिएल आणि कासिएल हे दोन देवदूत भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये हिंडतात, भुयारी रेल्वेत आणि ग्रंथालयात बसलेल्या माणसांच्या मनातले ऐकतात, खचलेल्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. त्यापलीकडे त्यांच्या हाती काहीच नसते. उंच इमारतीच्या माथ्यावर बसलेल्या एका तरुणाला कासिएल बिलगून राहतो, तरीही तो तरुण उडी घेतो, आणि इतका वेळ शांत असलेला कासिएल किंचाळतो. सगळे कळते आणि काही करता येत नाही, हाच त्याचा शीण आहे.

दामिएलला हवे असते ते अगदी साधे: अंगात ताप यावा, वर्तमानपत्राची शाई बोटांना लागावी. आपल्या पुराणकथांत गंधर्व आणि अप्सरा पृथ्वीवर येतात ते बहुधा शापाने, आणि उःशाप मिळताच परततात. दामिएल मात्र स्वतःच्या इच्छेने येतो आणि परतीची वाट ठेवत नाही. तो माणूस होताच, देवदूतांच्या नजरेतून कृष्णधवल दिसणारे शहर रंगीत होऊन जाते. डोक्यावर चिलखत आदळून आलेले रक्त तो चाखून पाहतो आणि भिंतीवरच्या चित्रांतल्या रंगांची नावे एका वाटसरूला विचारतो. छायाचित्रणकार आँरी आलेकाँ यांनी हा बदल इतक्या संयमाने साधला आहे की एरवी डोळ्यांत न भरणारे रंगही लोभस वाटतात.

तरी माझा जीव अडकतो तो मागे राहिलेल्या कासिएलमध्ये. १९९३ च्या उत्तरभागात, भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये, सज्जातून पडणाऱ्या मुलीला झेलण्यासाठी तो माणूस होतो. दामिएलला प्रेमाची ओढ होती. कासिएलला नुसते पाहत राहणे असह्य झाले होते, आणि म्हणूनच त्याचे माणूस होणे मला अधिक मोलाचे वाटते.