तू काय, इंदुरातच?

आमच्या वर्गाच्या बातम्या मला सानंदच्या, म्हणजे इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेच्या, नाटकाच्या मध्यंतरात मिळतात. तेवढ्या वेळात कॉफीही घ्यायची असते आणि होळकर सायन्स कॉलेजातून 1991 च्या आगेमागे बाहेर पडलेल्यांची हजेरीही, त्यामुळे बातम्या आटोपशीर असतात. अमका व्हाइस प्रेसिडेंट झाला. तमकीच्या मुलीचं ठरलं, मुलगा तेलुगू आहे, पण शाकाहारी. एकाला स्टेंट टाकला. घंटा वाजते आणि आम्ही स्टेंटचीच काळजी करत अंधारात खुर्च्या शोधतो. व्हाइस प्रेसिडेंटचा विषय पुढच्या नाटकापर्यंत कोणी काढत नाही.

कॉलेज सुटल्यावर पहिली काही वर्षं बातमी म्हणजे नोकरी. कोण पुण्याला गेला, कोण जवळच्याच पीथमपूरला कारखान्यात लागला, कोणाचं पीएससी हुकलं. पगार विचारले जायचे नि सांगितलेही जायचे. आता पगार विचारायची सोय नाही आणि पदं अशी, की ऐकून काही बोध होत नाही. आमच्यातला एक ‘ग्लोबल डिलिव्हरी हेड’ आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे मी त्याच्या आईलाच विचारलं. काकू म्हणाल्या, “अगं, तो दिवसभर फोनवर बोलतो. रात्रीसुद्धा.”

माझी बातमी त्या मानाने चटकन संपते. “तू काय, इंदुरातच?” “हो, इंदुरातच.” की लगेच समोरचा मुलं काय करतात त्यावर घसरतो.

मी स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये लागले. 1920 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या काळात निघालेली बँक, 1960 पासून स्टेट बँकेच्या कुटुंबातली. रामबाग, नारायणबागेतल्या मराठी घरांत त्या नोकरीला काय भाव होता म्हणून सांगू! मला बघायला आलेल्या मंडळींनी आधी बँकेचं नाव नीट विचारून घेतलं, मग पोह्यांना हात लावला. पुढे ऑफिसर व्हायची संधी आली. पण ऑफिसर म्हणजे बदली, आणि बदली निमाडात की बुंदेलखंडात, काही सांगता येत नव्हतं. सासूबाई अंथरुणाला, मुलगा पाचवीत. प्रमोशन नको, असं लिहून दिलं. मग 2010 मध्ये आख्खी बँकच मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली. मी इंदूर सोडलं नाही, बँकेनेच सोडलं.

पीथमपूरला लागलेल्या मित्राचंही तेच. तो कायनेटिक होंडात गेला, तेव्हा ती स्कूटर दारात असणं म्हणजे मुलगा मार्गी लागल्याची खूण होती. 1998 मध्ये होंडा बाहेर पडली, 2008 मध्ये धंदा महिंद्राकडे गेला. “मी कंपन्या बदलल्या नाहीत यार,” तो म्हणतो, “मी त्याच बसने जायचो, उतरल्यावर गेटवर वाचून घ्यायचो आज कुठे आहे ते.” बाहेर गेलेल्यांच्या बायोडेटात चार कंपन्या असल्या की ती प्रगती. आमच्या नशिबी पाट्या बदलल्या, तर त्याला कोणी काही म्हणत नाही.

आमचा खरा भाव वाढला तो पन्नाशीनंतर, आणि तोही आमच्या कर्तृत्वाने नाही. बाहेर गेलेल्यांचे आईवडील इथे राहिले म्हणून.

आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरच्या खिळ्याला तीन-चार परक्या घरांच्या किल्ल्या आहेत. त्यातली रामबागेतल्या घराची लांबलचक, जुन्या परकराच्या नाडीत ओवलेली. ती नुसती फिरवून चालत नाही, कडी जराशी उचलून धरावी लागते, हे आता न्यू जर्सीत बसलेल्या त्या घराच्या मालकाला ठाऊक नाही. मला आहे. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे जाताना कोणी नळ उघडा टाकला तर शेजारच्यांचा फोन मलाच. नगर निगमचा मालमत्ता कर, बंद घरालाही येणारं कचऱ्याचं बिल, सगळं मीच बघते. (इंदूर 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येत गेलं, त्याचं अभिनंदन मला दरवेळी न्यू जर्सीहून येतं. झाडलं मीच, असं समजून.)

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची धांदल. डिलिव्हरी हेडच्या आईला मी घेऊन बसते. काकूंच्या अंगठ्याच्या रेषा पार पुसल्यात, यंत्र काही केल्या घेत नाही. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा. काकू त्यासाठी ठेवणीतली नारायणपेठ नेसतात, “फोटो आहे ना?” म्हणून. मोबाइल पापण्या लवायला सांगतो. काकू आधी एकच डोळा मिटतात, मग दुसरा, मग हसू येऊन दोन्ही मिटतात, आणि त्या आहेत अशी सरकारची खात्री पटते.

मग त्या चहा टाकतात, आणि त्या चहावर मला खऱ्या बातम्या कळतात. मध्यंतरात ‘ब्रेक घेतलाय, कन्सल्टिंग करतोय’ म्हणून ऐकलेल्या मुलाला कंपनीने कमी केलंय आणि तो सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन नुसताच घराबाहेर पडतो. ‘दोघांचं छान चाललंय’ त्यांची घरं आता दोन आहेत. “तू कोणाला बोलू नकोस हं.” मी बोलत नाही. दुसऱ्याच्या पासबुकातलं तोंडात आणायचं नाही, ही सवय बँकेने लावली ती कामाला आली. पुढच्या नाटकाला कोणी विचारलं तर मी म्हणते, बरं चाललंय त्याचं. (इथेही आया नि शहरं अदलाबदल करून लिहिलंय, ओळखायच्या फंदात पडू नका.)

आमच्या वर्गातली पहिली आलेली मुलगी मात्र कोणाच्याच बातम्यांत नसायची. नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरली, दर तीन वर्षांनी नवी शाळा शोधायची ती मुलांसाठी, नोकरीसाठी नव्हे. मुलं मार्गी लागल्यावर परत आली आणि आता भंवरकुआँला एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते, आमच्याच कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पोरं तिला घाबरून असतात म्हणे. मध्यंतरात ही बातमी मी मोठ्या हौसेने सांगितली, तर व्हाइस प्रेसिडेंटचा खास मित्र म्हणाला, “चांगलंय, टाइमपास होत असेल.” त्याच्या कॉफीचे पैसे मी देणार होते, ते दिले नाहीत.

हल्ली एक नवीच तऱ्हा सुरू झालीय. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ‘इंदुरात काय ठेवलंय’ म्हणून ट्रॅव्हल्सची बस पकडली, त्यांची मुलं इथे येऊ लागलीत. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आहे, इन्फोसिस आहे. पुण्याच्या मैत्रिणीचा मुलगा तिथे लागला आणि आजीकडे राहतो. रविवारी सकाळी पोहे-जिलबी घेऊन आमच्याकडे येतो, वरून जिरावण मसाला चमचाभर जास्तच घालतो. त्याची आई मला फोनवर विचारते, “जेवतो ना नीट? कोणी मुलगी वगैरे?” आता काकूंची जागा तिने घेतली आणि मी होते तिथेच आहे.

परवा रात्री न्यू जर्सीचा फोन आला. रिटायर झाल्यावर परत यायचं म्हणतोय. रामबागेतलं घर पाडावं की ठेवावं, फ्लॅटचे भाव काय, तळलेले गराडू कंद अजून थंडीतच मिळतात का, डॉक्टर बरे आहेत का, बराच वेळ चाललं. शेवटी जरा घुटमळून म्हणाला, “तिथे वेळ जातो का गं?”

म्हटलं, “तू ये तर खरा. आणि हे बघ, निगमची पावती तुला मागच्याच महिन्यात पाठवलीय. ते पैसे आधी टाक.”