दानाचे वाफे: फरसबीला बढती, मुळ्याला कात्री

मंडळी, वाटप केंद्राला दान द्यायची भाजी मी ज्यात लावते ते वाफे तेच आहेत: 4 फूट रुंद, 8 फूट लांब, फूटभर उंच. त्याहून रुंद करायचा मोह होतो, पण मग मधल्या रोपाशी हात पोचत नाही, मातीत पाय पडतो आणि ती दबते. पाय न पडलेली भुसभुशीत माती नसेल तर एवढ्या फळ्या ठोकायच्या कशाला!

बदललं ते मोजमाप. घरासाठी लावताना चौरस फुटामागे किती किलो निघालं एवढंच बघायचे. दानाच्या भाजीला ते पुरत नाही. वाटपाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी केंद्रावर खाण्याजोगं किती पोचलं, ते खरं उत्पादन. या मापाने मोजायला लागल्यावर काही लाडक्या पिकांची पंचाईत झाली.

मुळाच घ्या. चौरस फुटात 16 बसतात, 25-30 दिवसांत तयार. कागदावर याला तोड नाही. पण एकदम पेरलेला एकदम तयार होतो आणि वाटपाची वाट बघत जमिनीत राहिला की पोचट होतो. म्हणून आता दर आठवड्याला फूट बाय फूटचे दोनच चौकोन पेरते. काढल्याबरोबर पाला पिरगळून वेगळा करायचा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा लुळा पडतो. गाजराचंही तसंच.

फरसबी मात्र सोनं आहे. बुटकी जात, चौकोनात 9 रोपं, 50-60 दिवसांत पहिला तोडा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलं की नवी फुलं येत राहतात. शेंगा जून होऊ दिल्या तर रोप बी भरण्यात गुंततं आणि बहर आटोपतो. तोडलेल्या शेंगा थंड जागी काही दिवस छान राहतात, त्यामुळे दोन तोडे एकत्र करून पाठवता येतात. पीक संपलं की रोप उपटत नाही, बुंध्याशी कापते. मुळं जागच्या जागी कुजू देते.

काकडी जमिनीवर सोडली तर अर्धा वाफा गिळते. जाळीवर चढवल्यावर एका चौकोनात दोन वेल मावले. जाळीची सावली बाकीच्यांवर पडणार नाही, अशी कड निवडली. टोमॅटो रंग फिरायला लागताच तोडते; पुढचा पिकतो घरात, आणि वाहतुकीत फुटत नाही.

पालक सगळ्यात नाजूक. बाहेरची पानं पहाटे कापायची, गाभा ठेवायचा, क्रेटमध्ये सैल भरून वर ओलसर कापड टाकायचं. धुवून भरत नाही, कारण ओली पानं चिकटून बसली की सडतात.

पाण्याचा अंदाज: आठवड्याला 25 मिलिमीटर, म्हणजे एका वाफ्याला साधारण 75 लिटर. उन्हाच्या दिवसांत जास्त, कारण उंच वाफा लवकर सुकतो. आच्छादन टाकल्यावर फरक दिसतो.

खताबाबत मी हट्टी आहे. भाजी कोण खाणार, लहान मूल की आजारी माणूस, ते आपल्याला दिसत नाही. कच्च्या शेणखतात रोगजंतू असू शकतात; ते घालायचं तर मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीआधी निदान 120 दिवस, हा नियम सेंद्रिय शेतीत रूढ आहे. एवढ्याशा वाफ्यात तेवढी सवड कुठली? म्हणून पूर्ण कुजलेलं कंपोस्टच वापरते.

आता कोबीचा प्रश्न. एका चौकोनात एकच गड्डा, आणि तोही तीन महिने जागा अडवतो. माझ्या जुन्या हिशेबात तो कधीच नापास झाला होता. पण केंद्रावर मागणी त्याचीच जास्त, कारण फ्रिज नसलेल्या घरातही तो काही दिवस सहज टिकतो. यंदा एका वाफ्याच्या कडेने आठ रोपं लावतेय, त्यातली निम्मी लवकर येणाऱ्या जातीची. गड्डे मोठे होईपर्यंत मधल्या जागेत मुळ्याचं एक पीक निघून जाईल. लवकर येणारी जात कोणी इतकी दाट लावली असेल, तर गड्डा केवढा भरला ते कळवा.