आमची वाटचाल : खाडीवरचा उचलायचा पूल

भोसरीत गाळा घेतला तेव्हा आम्ही फक्त हायड्रॉलिक सिलिंडर (तेलाच्या दाबावर ढकलणारे) आणि त्यांना तेल पुरवणारे पंप-मोटरचे पॉवरपॅक करायचो, पुलाचं वेड लावलं ते माझ्या पार्टनरने. इंग्लंडमधला गेट्सहेडचा 2001 चा पूल, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी, अख्खा कमानीसकट 40 अंश कलतो आणि खालून जहाज जातं, त्याचा फोटो त्याने ऑफिसात लावला होता. मग कोकणातल्या एका बोटयार्डवाल्या शेठना खाडीवर असा छोटा पूल हवा होता, बोट आली की उचलायचा, म्हणून आम्ही डिझाइनला बसलो.

गर्दीचा लोड चौरस मीटरला 500 किलो धरला. मागे काउंटरवेटचा, म्हणजे पुलाचं वजन तोलणाऱ्या वजनाचा डबा, तोही मुद्दाम अर्धवट भरलेला, कारण पेंट आणि डेकचं, म्हणजे चालायच्या पृष्ठभागाचं कोटिंग चढलं की वजन बदलतं, मग प्लेटा टाकून बॅलन्स करायचा आणि टोक किंचित जड ठेवायचं म्हणजे पूल आपणहून खाली बसतो. तेल अडवून धरणारा लोड होल्डिंग वॉल्व थेट सिलिंडरच्या तोंडावर, म्हणजे पाइप फुटला तरी डेक जागेवर. माणसं अडवणारं गेट लॉक झाल्याशिवाय पंप सुरूच होत नाही. आणि लाईट गेली तर हँडपंपावर एक माणूस पूल उचलतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

शेठच्या कामाच्या परवानग्या चालू होत्या तेवढ्यात दुसऱ्या एका जेटीसाठी आम्हाला लेखी एलओआय (काम देण्याच्या इराद्याचं पत्र) मिळालं, त्या भरवशावर स्टील उचललं, आणि आमचीच ड्रॉइंग्ज एका मोठ्या फॅब्रिकेटरकडे गेली. त्यांनी काउंटरवेट काढलं, सिलिंडर मोठा केला, रेट पाडला, काम त्यांना. आमचं एलओआय रद्द, कारण एका ओळीचंसुद्धा नाही! बँकेचे हप्ते थकले, पार्टनर सोडून गेला, गाळा विकायला काढला होता. तेव्हा शेठ स्वतः आले, म्हणाले "पूल तुम्हीच करायचा, ऍडव्हान्स घ्या." त्या पैशावर आम्ही उभे राहिलो. तो पूल आजही चालतोय, आणि तिकडे त्या फॅब्रिकेटरच्या बिनकाउंटरवेटच्या पुलाला लाईट गेली की जनरेटर लागतो.

नवीन मुलांना सांगतो, डेकच्या सांध्यात सायकलचं चाक अडकणार नाही एवढीच फट ठेवा, आणि उभ्या डेकवर वाऱ्याचा किती जोर येतो ते आधी काढा, सिलिंडर नंतर निवडा. हलका डेक चालताना हलतो, लंडनचा मिलेनियम ब्रिज 2000 साली आडवा हलला म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला होता, म्हणून डेक सेकंदाला किती वेळा हलतो ती फ्रिक्वेन्सी तपासा.

सध्या शेठच्या मुलासाठी दुसरा पूल चालू आहे, बिजागरीची पिन स्टेनलेसची, तिच्याभोवतीचे बुश गनमेटलचे. काउंटरवेटचं ड्रॉइंग मात्र आता ऍडव्हान्स जमा झाल्याशिवाय मी कुणालाच देत नाही.